‘समजा’ की ‘ठेव’? बेसिकमधल्या एका ओळीची समीक्षा

(व्याख्यानमालेतील भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतील निवडक भाग दिला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, “अहो, आयुष्यभर कांट आणि न्यायदर्शन शिकवलंत, आता या वयात बेसिक?” मी म्हटलं, या वयातच. एका विद्यार्थिनीला द्यायचं उत्तर राहून गेलंय. ते आज द्यायचा प्रयत्न आहे. ती इथे असण्याची शक्यता नाही, पण उत्तर उशिरा का होईना, मोठ्यानं दिलेलं बरं.

समीक्षा म्हटलं की आपल्यापुढे कादंबरी येते, कवितासंग्रह येतो. मी आज एका ओळीची समीक्षा करणार आहे. फळ्यावर लिहितो.

२० लेट एक्स = एक्स + १

वीस हा ओळीचा क्रमांक. जुन्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा लागे, आणि मागाहून एखादी ओळ मधे घुसवता यावी म्हणून लोक दहा, वीस, तीस असे देत. तेव्हा ‘वीस’ सोडून द्या. उरलेली ओळ बघा. यात काहीतरी खटकतंय का? ज्यांना खटकत नाही त्यांनी हात वर करा. ... बरेच आहेत. तुम्ही सगळे कधीतरी प्रोग्रॅमिंग शिकलेले दिसता. (हशा) ज्यांना खटकतंय, ते माझ्या विद्यार्थिनीच्या बाजूचे.

ही गोष्ट १९८६-८७च्या सुमाराची. मी ज्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो तिथे एक संगणक आला होता. शनिवारी दुपारी वर्ग चालायचा, वेगळी फी होती. कला शाखेच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी त्या वर्गाला जाऊ लागली. गणितात चांगली, तर्कशास्त्रात फारच चांगली. एका सोमवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, क्ष बरोबर क्ष अधिक एक. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला तर शून्य बरोबर एक येतं. हे कसं चालतं?” मी विचारलं, वर्गात काय सांगितलं? तर, “असंच असतं, पाठ कर.” आणि मी, तर्कशास्त्राचा प्राध्यापक, काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “अगं, ते गणित नव्हे, ती यंत्राची भाषा आहे. तिकडे फार लक्ष देऊ नकोस.” तिनं माझं ऐकलं. पुढच्या शनिवारपासून तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. फी भरलेली होती, ती गेली.

एवढीच गोष्ट. शोकांतिका वगैरे नाही. पण ती मुलगी जिथे अडली होती ती जागा अडण्याचीच होती, आणि ते ओळखण्याचं काम माझं होतं.

आता मुद्द्याकडे येतो. ही भाषा कुठून आली? अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाचं छोटं गाव आहे, तिथे डार्टमथ कॉलेज. तिथल्या गणित विभागातले दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या यंत्रणेवर बेसिकमधले पहिले प्रोग्रॅम चालले. उद्देश असा, की ज्यांना विज्ञान-तंत्रज्ञानात जायचं नाही, जे साहित्य, इतिहास, समाजशास्त्र शिकतात, त्यांनाही संगणक वापरता यावा. म्हणजे ही भाषा माझ्या त्या विद्यार्थिनीसारख्यांसाठीच बनवलेली होती. हे लक्षात ठेवा. तज्ज्ञांच्या भाषेत नवखा अडला तर तो नवख्याचा प्रश्न म्हणता येईल. नवख्यांसाठी केलेल्या भाषेत नवखा अडला, तर समीक्षकाला भाषेकडे पाहावं लागतं.

आणि हे केमेनी कोण? मूळचे बुडापेस्टचे. प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च यांच्या हाताखाली तर्कशास्त्रात डॉक्टरेट केलेले. काही काळ आइनस्टाइन यांचे साहाय्यक होते. चर्च हे नाव तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. त्यांनी १९३०च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस रचलं. त्यात कुठलीही गणनक्रिया करता येते, पण फळ्यावरच्या ओळीसारखी ओळ त्यात लिहिताच येत नाही. तिथे नावाच्या जागी किंमत घातली जाते आणि विषय संपतो. त्याच नावाला मागाहून दुसरी किंमत देण्याची सोय नाही. गुरूच्या घरात जी गोष्ट नव्हती, ती शिष्यानं आपल्या घराच्या उंबरठ्यावरच ठेवली. तेव्हा या माणसाला ‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ कळत नव्हता, असं म्हणायची सोय नाही.

आता ही ओळ प्रत्यक्षात काय करते ते सांगतो. जाणकारांनी दोन मिनिटं कळ काढावी. चार ओळींचा प्रोग्रॅम घेऊ.

१० लेट एक्स = ५
२० लेट एक्स = एक्स + १
३० प्रिंट एक्स
४० एन्ड

उत्तर सहा छापून येतं. विसाव्या ओळीवर यंत्र आधी उजवी बाजू हातात घेतं. स्मृतीत एक्स नावाची जी जागा आहे तिथे काय लिहिलंय ते वाचतं. पाच. त्यात एक मिळवतं. सहा. मग डाव्या बाजूकडे येतं, आणि त्याच एक्सच्या जागी सहा लिहितं. पाच पुसला जातो, त्याचा कुठे मागमूस राहत नाही. म्हणजे वाचायची ओळ डावीकडून उजवीकडे, आणि घडायची उजवीकडून डावीकडे.

पुस्तकांत हे समजावताना डब्याचं उदाहरण देतात. एक्स नावाचा डबा आहे, त्यात पाच ठेवला. मला हे उदाहरण आवडत नाही, कारण ते मुलांना फसवतं. डब्यातली साखर दुसऱ्या डब्यात ओतली तर पहिला डबा रिकामा होतो. बेसिकमध्ये ‘लेट बी = ए’ म्हटलं तर ए रिकामा होत नाही; दोन्हीकडे तेच राहतं. त्यापेक्षा दूध डेअरीबाहेरची पाटी डोळ्यांपुढे आणा. वर रंगानं कायमचं लिहिलंय ‘आजचा भाव’, खाली खडूनं आकडा. पाटी वाचल्यानं आकडा पुसला जात नाही. शंभर माणसं वाचून जातात, आकडा तिथेच. नवा लिहायचा तर मात्र जुना पुसावा लागतो. मालक पोऱ्याला सांगतो, “भाव दोननं वाढव.” पोऱ्या पाटी वाचतो, मनात दोन मिळवतो, पुसतो, लिहितो. त्याला यात विसंगती दिसत नाही. ‘आजचा भाव बरोबर आजचा भाव अधिक दोन’ असं लिहून दिलं असतं, तर तो मालकाच्या तोंडाकडे बघत राहिला असता. (हशा)

हीच गोष्ट अदलाबदलीत दिसते. ए मध्ये तीन, बी मध्ये सात. अदलाबदल करायची. नवखा लिहितो, ‘लेट ए = बी’, आणि पुढच्या ओळीत ‘लेट बी = ए’. दोन्हीकडे सात होतात. तीन गेला तो गेलाच. मग तिसरी पाटी आणावी लागते, टी नावाची. आधी ए तिच्यावर उतरवून ठेवायचा, मग ए मध्ये बी, मग बी मध्ये टी. बीजगणितात ‘ए बरोबर बी’ आणि ‘बी बरोबर ए’ ही एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी आहे. इथे त्या दोन घटना आहेत, आणि कुठली आधी यावर सगळं ठरतं. समीकरणाला वेळ नसते. या ओळीला वेळ आहे.

बेसिकमध्ये ‘बरोबर’ चिन्ह तीन वेगवेगळी कामं अंगावर घेऊन वावरतं. मराठीत ती क्रियापदांवरून चटकन कळतात. पहिलं, ‘आहे’. गणितातलं विधान: दोन्ही बाजू समान आहेत. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली हे चिन्ह पुस्तकात आणलं ते याच अर्थानं. दोन समांतर रेषांइतकं सारखं दुसरं काही नाही, हे त्यांचं कारण. दुसरं, ‘आहे का?’ बेसिकमध्ये ‘इफ एक्स = ५ देन’ अशी ओळ असते; तिथे चिन्ह प्रश्न विचारतं. तिसरं, ‘कर’. आपली विसावी ओळ. विधान, प्रश्न, आज्ञा. वाक्यांचे तीन प्रकार, आणि चिन्ह एकच. पहिला अर्थ बेसिकमध्ये मुळात नाहीच, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात शाळेपासून तोच बसलेला असतो.

याचं टोक बघायचं असेल तर ‘लेट ए = बी = सी’ ही ओळ घ्या. काही बेसिकमध्ये याचा अर्थ, बी आणि सी समान आहेत का ते तपासा आणि जे उत्तर येईल ते ए मध्ये लिहा. खरं असेल तर उणे एक, खोटं असेल तर शून्य. दुसऱ्या काहींमध्ये याच ओळीचा अर्थ, सी ची किंमत ए आणि बी दोघांनाही द्या. एकाच लिपीतली एकच ओळ, एका गावात प्रश्न आणि दुसऱ्या गावात आज्ञा. ही काही सूक्ष्म रसिकांची तक्रार नव्हे, इथे प्रोग्रॅमचं उत्तर बदलतं.

इतरांनी यातून वाट काढली होती. जर्मनीत कोनराड त्सुझे यांनी १९४०च्या दशकात जी भाषा कागदावर रचली तिच्यात बाण होता. डावीकडे हिशोब, उजवीकडे तो जिथे जायचा ती जागा. आयव्हर्सन यांच्या एपीएलमध्ये उलट दिशेचा बाण आहे. आल्गोलनं १९५८ साली ‘बरोबर’च्या आधी विसर्गासारखे दोन टिंब ठेवले, आणि साधं ‘बरोबर’ तुलनेसाठी राखलं. कोबोलमध्ये तर सरळ ‘मूव्ह’ हा शब्द. म्हणजे १९६४ साली पर्याय समोर होते. केमेनी-कर्ट्झ यांनी चिन्ह मात्र घेतलं ते फोरट्रानचं, १९५७ मधल्या आयबीएमच्या भाषेचं: साधं ‘बरोबर’.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आधी एक शब्द ठेवला. ‘लेट’. माझ्या समीक्षेचा हा मध्यबिंदू आहे.

मूळ बेसिकमध्ये प्रत्येक आज्ञा इंग्रजी शब्दानं सुरू व्हायची. लेट, प्रिंट, इफ, फॉर, गो टू. ‘लेट’ गाळायची परवानगी नव्हती. शिवाय त्यांच्या १९६४च्या पुस्तिकेत त्यांनी स्पष्ट खुलासा केलाय, की हे बीजगणितातलं समानतेचं विधान समजू नका, ही हिशोब करून उत्तर अमुक नावाला देण्याची आज्ञा आहे. म्हणजे धोका त्यांना दिसत होता. चिन्ह संदिग्ध आहे, म्हणून दाराशी शब्द उभा केला: ओळ वाचण्याआधी माझ्याकडे बघा, ही आज्ञा आहे.

मग हा शब्द आपलं काम करतो का? अर्धं करतो. इंग्रजीत गणिताची सिद्धता ‘लेट’नं सुरू होते, आपण तिथे ‘समजा’ किंवा ‘मानू’ म्हणतो. समजा क्ष बरोबर पाच. आता ‘समजा’ काय करतं? ते जगात काही बदलत नाही. ते म्हणतं, हे गृहीत धरून पुढे चला. आणि एकदा ‘समजा क्ष पाच’ म्हटलं की ती सिद्धता संपेपर्यंत क्ष पाचच राहिला पाहिजे. मधेच ‘समजा क्ष सहा’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो. इंग्रजी ‘लेट’च्या पोटात ‘असू दे’ आणि ‘होऊ दे’ असे दोन अर्थ राहतात. दहाव्या ओळीत ‘असू दे’ चालतं: एक्स पाच असू दे. विसाव्या ओळीत ते कोसळतं. तिथे ‘होऊ दे’ लागतं. एक्स, आत्ता आहेस त्याहून एकानं मोठा हो. त्या मुलीनं पहिली ओळ ‘समजा’ म्हणून वाचली, ती पचली. दुसरीही तशीच वाचली आणि शून्य बरोबर एक आलं. तिचं वाचन निर्दोष होतं. शब्दानंच तिला तशी सवय लावली होती.

मराठीचा शाळकरी वाक्प्रचार इथे फार कामाचा आहे. बीजगणितात आपण म्हणतो, ‘क्ष ची किंमत काढा’. काढा. म्हणजे ती आत आहे, ठरलेली आहे, आपल्याला दिसत नाही इतकंच. बेसिकमध्ये आपण किंमत काढत नाही, देतो. काढणं हे ज्ञान आहे, देणं ही कृती आहे. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत बोलायचं तर एक ज्ञानमीमांसेचा व्यवहार आहे, दुसरा सत्ताशास्त्राचा. पण परिभाषेची गरज नाही. काढणं आणि देणं यातला फरक कुठल्याही मराठी मुलाला कळतो. कोणी तरी तो सांगायला हवा होता.

तसंच ‘चल’ या शब्दाचं. पाठ्यपुस्तकात क्ष ला आपण चल म्हणतो. पण तो चालतो कुठे? फ्रेगे यांनी १९०४ साली ‘फंक्शन म्हणजे काय’ या लेखात हाच प्रश्न विचारला. बदलणारी संख्या असं काही असतं का? पाच बदलून सहा होतो का? पाच पाचच राहतो. बदलतं ते तापमान, बदलते ती काठीची लांबी. संख्या बदलत नाही. गणितातलं अक्षर ही कुठल्या तरी संख्येसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे, तिथे चालणारं काही नाही. फ्रेगे गणिताबद्दल बोलत होते आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. गंमत अशी, की साठ वर्षांनी बेसिकमध्ये असा चल आला जो खरोखर चालतो. पाच अजूनही सहा झालेला नाही. पण एक्स या नावाच्या जागेवर आधी पाच होता, आता सहा आहे. बदल संख्येत नाही, जागेत आहे.

हा ‘जागा’ शब्द महत्त्वाचा. विसाव्या ओळीत एक्स दोनदा येतो. उजवीकडचा एक्स म्हणजे जागेवर लिहिलेली संख्या. डावीकडचा एक्स म्हणजे ती जागाच. क्रिस्टोफर स्ट्रेची या इंग्रज संगणकशास्त्रज्ञांनी १९६७च्या आपल्या व्याख्यानांत हा भेद नीट मांडला. डाव्या बाजूची किंमत आणि उजव्या बाजूची किंमत अशी नावंही रूढ झाली. आपल्याकडे यासाठी नवं नाव शोधायला नको, विभक्ती पुरे. उजवीकडे षष्ठी: एक्सची किंमत. डावीकडे सप्तमी, किंवा शब्दयोगी अव्यय घ्या: एक्समध्ये. आता ओळ मराठीत वाचू. ‘एक्सची किंमत अधिक एक, एक्समध्ये ठेव.’ कुठे गेला विरोध? राहिलाच नाही. बीजगणिताच्या अक्षराला प्रत्यय लागत नाहीत, म्हणून दोन वेगळी पदं एकाच कपड्यात आली. मुलीला ती दोन माणसं एकच वाटली, यात तिचा काय दोष?

पुढचा अध्याय थोडा खेदाचा आहे. १९७५ नंतर बेसिक छोट्या यंत्रांवर आलं. आल्टेअर या यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टनं केलेलं बेसिक चार किलोबाइट स्मृतीतही चालवायचं होतं. आज मोबाइलमधला एखादा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. तिथे एकेक अक्षर मोलाचं. ‘लेट’ ऐच्छिक झाला, आणि ऐच्छिक झालेला शब्द कोण टाइप करणार? नंतर बहुतेकांनी तो सोडला. अपवाद आहेत, १९८२च्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमवर ‘लेट’ सक्तीचा होता, मात्र एकच कळ दाबली की आख्खा शब्द उमटायचा. आपल्याकडे १९८४ मध्ये शाळांसाठी जी क्लास योजना आली तिच्यात बीबीसी मायक्रो यंत्रं होती, त्यांच्या बेसिकमध्येही ‘लेट’ ऐच्छिक. तेव्हा आपल्याकडच्या अनेक मुलांनी पहिल्यांदा जी ओळ पाहिली ती अशी: ‘एक्स = एक्स + १’. दारावरचा माणूसही काढून घेतलेला. अर्धवट का होईना, इशारा देणारा तो एकच शब्द होता.

इथे न्यायानं एक सांगितलं पाहिजे. बीबीसीच्या बेसिकनं एक गोष्ट चांगली केली होती. ज्या नावाला कधी किंमत दिलीच नाही ते वाचायला गेलात तर यंत्र थांबून सांगायचं, की असा चल अस्तित्वात नाही. मायक्रोसॉफ्टच्या घराण्यातली बेसिकं तिथे गुपचूप शून्य धरत. वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला, उत्पत्तीच्या आधीच्या नसण्याला प्रागभाव असं नाव दिलं. पाटी लावलेलीच नाही आणि पाटीवर शून्य लिहिलंय, या दोन गोष्टी एक नव्हेत. खात्यात शून्य रुपये असणं आणि बँकेत खातंच नसणं, हे बँकेत रांगेत उभं राहणाऱ्याला विचारा. (हशा) नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं, तर शून्य धरणारी भाषा ती चूक पोटात घालते आणि चुकीचं उत्तर ऐटीत छापते.

पण थांबतो. वैशेषिकांचं नाव निघालं की सभागृहात एक सुखद हालचाल होते, ती मी ओळखतो. (हशा) आपल्या पूर्वजांना बेसिक येत होतं, असं मी म्हणत नाही. काल पाहिलेला तोच हा देवदत्त, या प्रत्यभिज्ञेच्या उदाहरणावर नैयायिक आणि बौद्ध शतकानुशतकं भांडले. क्षणभंगवादी म्हणणार, काल एक होता, आज दुसराच आहे, नाव तेवढं तेच. नैयायिक म्हणणार, गुण बदलले, द्रव्य तेच. दोघांनाही आपली विसावी ओळ दाखवली तर दोघंही आपलाच विजय झाला म्हणतील. पण ते माणसाबद्दल भांडत होते आणि इथे तारांमधल्या एका जागेला दिलेलं अक्षर आहे. हे साम्य प्रश्न विचारायला उपयोगी आहे, पुरावा म्हणून चालणार नाही.

बेसिकचे टीकाकार कमी नाहीत. सगळ्यांत जहाल डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा. १९७५च्या एका टिपणात त्यांनी लिहिलं, त्याचा आशय असा, की ज्यांना आधी बेसिकची सवय लागली त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य, त्यांची बुद्धी कायमची अधू झालेली असते. टाळ्या मिळवणारं वाक्य आहे. मी शिक्षक म्हणून ते स्वीकारू शकत नाही. पहिल्या भाषेनं माणूस कायमचा नासतो हे खरं असतं, तर आपल्यापैकी कुणीच दुसरी भाषा शिकलो नसतो.

मला जास्त मोलाची वाटते ती जॉन बॅकस यांची टीका. फोरट्रानचे प्रमुख जनक हेच. साधं ‘बरोबर’ ज्या भाषेतून बेसिकमध्ये आलं, ती यांची. १९७७ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी आपल्याच घराण्याच्या भाषांवर टीका केली. मुख्य आरोपी कोण? हीच किंमत देण्याची ओळ. तिच्यामुळे सगळं प्रोग्रॅमिंग एकेक शब्द स्मृतीतून आणण्या-नेण्याच्या अरुंद वाटेत अडकतं, आणि विचारही तसाच अडकतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचं गाजलेलं काम समोर ठेवून असं बोलायला मोठं मन लागतं. या वाटेवर पुढे ज्या भाषा आल्या त्यांतल्या हॅस्केलमध्ये ‘बरोबर’ म्हणजे व्याख्या. तिथे ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक’ लिहून एक्स मागितला, तर एक्स काय हे कळण्यासाठी एक्स काय ते पाहावं लागतं, आणि उत्तर कधी येत नाही. माझी विद्यार्थिनी तिथे खूश झाली असती.

तरीही ही ओळ टाकाऊ आहे असं मला वाटत नाही. जगात मोजणी होते, भाव चढतात, वय वाढतं. काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टी सांगायला अशी ओळ लागते. दोष ओळीच्या आशयात नाही, तिच्या वेषात आहे. आज्ञेला विधानाचा वेष दिला.

आता ते राहून गेलेलं उत्तर. टोनी होअर यांनी १९६९ साली एक छोटा निबंध लिहिला; त्यात या ओळीचा अर्थ तर्कशास्त्राच्या नियमानं बांधला. नियम सोपा आहे, फक्त मागून पुढे वाचायचा. ओळ पार पडल्यावर एक्सबद्दल जे खरं असावं असं तुम्हाला वाटतं, ते लिहा. त्यात एक्सच्या जागी उजवी बाजू, म्हणजे एक्स अधिक एक, घाला. जे मिळेल ते ओळीच्या आधी खरं असलं पाहिजे. करून बघू. नंतर हवंय: एक्स बरोबर सहा. बदल करा: एक्स अधिक एक बरोबर सहा. हे समीकरण आहे. अस्सल, शाळेतलं समीकरण. सोडवा. एक्स बरोबर पाच. आधी पाच असेल तर नंतर सहा असेल. दोन्ही ठिकाणी ‘बरोबर’ म्हणजे ‘आहे’, आणि दोन्हींच्या मधे काळ उभा आहे.

म्हणजे त्या मुलीनं वजाबाकी केली ती चूक नव्हती. तिला हवं ते समीकरण होतंच. फक्त ते त्या ओळीत नव्हतं, ओळीच्या अलीकडे होतं. हे मी त्या सोमवारी सांगू शकलो असतो का? होअर यांचा निबंध तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा जुना होता. मी तो वाचलेला नव्हता. पण ‘थांब, तुझा प्रश्न बरोबर आहे, मला शोधू दे’ इतकं म्हणायला कुठलाच निबंध वाचावा लागत नाही. ‘यंत्राची भाषा आहे’ हे माझं वाक्य खोटंही होतं. यंत्राच्या भाषेत ‘बरोबर’ हे चिन्ह नसतंच. तिथे आण, मिळव, ठेव एवढंच असतं. ते चिन्ह माणसांनी माणसांसाठी निवडलं होतं. माणसांनी निवडलेल्या गोष्टीला माणसानं प्रश्न विचारला, आणि मी यंत्राकडे बोट दाखवून मोकळा झालो.

हे बोट दाखवणं आज फार वाढलंय. सिस्टीममध्ये तसंच आहे, सॉफ्टवेअर घेत नाही, असं खिडकीपलीकडून सांगितलं जातं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी निवडलेलं असतं. ते कोणतं, का निवडलं, दुसरं काय निवडता आलं असतं, हे विचारणं म्हणजे समीक्षा. ती कवितेची होते, तशी एका ओळीच्या आज्ञेचीही होते.

 

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: सर, माझी नात पायथॉन शिकते. तिथेही ‘एक्स = एक्स + १’ आहे. तिला हा प्रश्न पडलाच नाही. मग हा प्रश्न खरा म्हणायचा का?

उत्तर: पायथॉननं निदान तुलनेसाठी दोन ‘बरोबर’ वेगळे ठेवलेत, प्रश्न आणि आज्ञा यांची गल्लत टळते. राहता राहिली नात. न पडण्याची दोन कारणं असू शकतात. तिला फरक कळला असेल, किंवा तिनं पाठ केलं असेल. घरी जाऊन अदलाबदल करायला सांगा, तिसऱ्या नावाशिवाय. पायथॉनमध्ये ती एका ओळीत होते. मग विचारा, का होते? ती जे बोलेल त्यावरून तुम्हाला कळेल. आणि ती अडली तर रागावू नका.

प्रश्न: मराठीत प्रोग्रॅमिंगची भाषा केली, तर ‘लेट’ला काय म्हणाल?

उत्तर: ‘ठेव’. ‘समजा’ अजिबात नको. आणि शक्य झालं तर विभक्तीचे प्रत्यय ठेवा. ‘मध्ये’ आणि ‘ची’. टाइप करायला चार अक्षरं जास्त पडतील. आता स्मृती चार किलोबाइट राहिलेली नाही. (हशा)